चहाच्या रंगाचा प्लग

आमच्या प्लेनोच्या घरासमोर एकच ओक आहे. तोही अजून लहान, बिल्डरने लावून दिलेला. त्याची वर्षभराची पानं एका पोत्यात मावतात. तरी आमच्या गॅरेजमध्ये पानं उडवायचा ब्लोअर आहे, पेट्रोलवर चालणारा, टू-स्ट्रोक. त्याची जागा ठरलेली आहे: डावी भिंत, मधला खण, खणावर लेबल. शेजारच्या खणात ऑइलची बाटली, मापाचा पेला, स्पार्क प्लगचा पाना, तारेचा ब्रश. वरच्या फळीवर एक जुना पिस्टन उलटा ठेवलाय, त्यात पेन्सिली. माझा नवरा सुधीर दर वर्षी एकदा म्हणतोच, "अगं, एवढ्याशा पानांसाठी माणूस लाव ना. येईल, उडवून जाईल." मी हो म्हणते आणि तो विषय यादीच्या तळाशी ढकलते.

रविवारी सकाळी मी डब्यात पेट्रोल घेते, त्यात मापाने ऑइल ओतते, झाकण लावून डबा हलवते. झाकण पुन्हा उघडलं की तो वास येतो, थोडा गोड आणि थोडा करपल्यासारखा. बाहेर टेक्सासचं रणरणतं ऊन असतं, समोरच्या घरांची सगळी दारं बंद असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. वास नाकात शिरला की ते सगळं मागे सरकतं आणि बर्फ पडायला लागतो.

दोन हजार एकच्या शरदात आम्ही पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला आलो. सुधीर आधी युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टवर होता, मग दूरच्या क्लायंटकडे जायला लागला. रविवारी संध्याकाळी निघायचा, गुरुवारी रात्री यायचा. मी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळून आलेले. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर, किती शिल्लक, कधी मागवायचा, हे झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. इथे माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. सवयीने मी फ्रिजवर आठवड्याची यादी लावायची. सोमवारी धुणं, मंगळवारी कॅम्पसच्या बसने जाऊन भाजी, बुधवारी खिडक्या. गुरुवारपर्यंत यादी पोचायचीच नाही.

बर्फाचा आवाज नसतो, हे मला तिथे कळलं. पाऊस पडतो तेव्हा निदान पडतोय असं कळतं. बर्फ रात्रीतून येऊन बसलेला असायचा आणि सकाळी सगळं गाव कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. हीटर सुरू झाला की पाइपात टकटक व्हायची. मला वाटायचं दार वाजलं. मी उठून बघायची.

रविवारी सकाळी कराडला फोन करायचा. तिकडे संध्याकाळ असायची. कॉलिंग कार्डावरचा पट्टा नाण्याने खरवडायचा, आकडे दाबायचे, रेकॉर्डवरची बाई किती मिनिटं उरली ते सांगायची, मग दूरवर घंटा. फोन बाबा उचलायचे. तो आमच्या घरात बोळातल्या कोनाड्यात होता आणि बाबा तिथे उभ्यानेच बोलायचे, एका पायावर भार देऊन, निघायच्या तयारीत.

"जेवलीस?"

"इथे सकाळ आहे बाबा."

"हां. थंडी?"

"आहे."

"बरं. काळजी घ्या. आईला देतो."

बस. आईशी अर्धा तास व्हायचा. लग्नं, बारशी, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. बाबांशी तेवढंच. लहानपणी असं नव्हतं. लहानपणी रविवार म्हणजे बाबांची स्कूटर होती. अंगणात गोणपाट, त्यावर जुनं वर्तमानपत्र, शेजारी मी. बाबा एकेक भाग काढून माझ्या हातात द्यायचे आणि मी तो पेपरवर मांडायची. नियम एकच: ज्या ओळीने निघालं त्या ओळीने ठेवायचं. माझ्या याद्यांचा उगम त्या पेपरवर आहे. रॉकेलच्या वाटीत बुडालेला ब्रश, उन्हात तापलेली सीट, आणि शेवटी किक मारल्यावर निघालेला निळा धूर. तो जास्वंदीत अडकून राहायचा. मी मोठी झाले, बाबांनी स्कूटर विकली, आणि आमच्यात बोलायला काय उरलं ते दोघांनाही सापडलं नाही.

आमच्या घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात घरमालकीण राहायची, रूथ. सत्तरीची, उंच, नवऱ्याचा लाल चौकड्यांचा कोट घालून स्वतः बर्फ उपसणारी. "मला रूथ म्हण," ती पहिल्या दिवशीच म्हणाली. माझ्या तोंडून ते निघेना. रूथमावशी निघालं.

"मावशी म्हणजे काय?"

"आईची बहीण."

"माझ्या एकाही बहिणीला मूल नाही," ती म्हणाली. "म्हणजे आज मी पहिल्यांदाच मावशी झाले तर."

मागच्या शेडमध्ये तिच्या नवऱ्याची, कार्लची, स्नोमोबिल होती. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, मधे सीट आणि हँडल, बर्फावरची मोटरसायकलच. कार्ल गेला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिचं इंजिन जाम झालं होतं. तेव्हापासून ती ताडपत्रीखाली. मी फावडं आणायला शेडमध्ये गेले आणि मला तो वास आला. थंड, जुना, पण तोच. मी ताडपत्रीचा कोपरा उचलून उभी राहिले.

"डेल तिला न्यायला येणार आहे," रूथमावशी दारातून म्हणाली. डेल तिचा मुलगा, दोन तासांवर राहायचा. "बर्फ वितळला की भंगारात. चालत नाही ती ठेवून काय करायचं, म्हणतो. बरोबर आहे त्याचं." मग ती बराच वेळ हातमोज्यांवरचा बर्फ झटकत राहिली.

त्या रविवारी बाबा "बरं, काळजी घ्या" पर्यंत आले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "बाबा, इथल्या मावशींकडे एक बर्फावरची गाडी आहे. जाम झालीय."

मला वाटलं लाइन गेली.

"टू-स्ट्रोक?" बाबांनी विचारलं.

"हो. दोन सिलिंडर."

"थांब. खुर्ची घेतो."

आणि मग अर्ध्या जगापलीकडे, कराडच्या आमच्या बोळात, शहाबादी फरशीवरून लाकडी खुर्ची ओढल्याचा खरखर आवाज आला. तो आवाज मला आजही हवा तेव्हा ऐकू येतो.

"प्लग काढ," बाबा म्हणाले. "भोकातून रॉकेल सोड आणि आठवडाभर हात लावू नकोस."

"आठवडाभर?"

"घाई आहे का कुठे?"

घाई नव्हती. मुळीच नव्हती. फ्रिजवरच्या यादीत मी गुरुवारच्या पुढे लिहिलं: वाट बघणे.

पुढच्या रविवारी दोरी ओढल्यावर इंजिन बोटभर हललं. तिथून प्रत्येक रविवारला एक काम मिळालं आणि प्रत्येक कामाला अख्खा आठवडा. बर्फाचा उजेड शेडच्या खिडकीतून यायचा, निळसर, सावली नसलेला. पाना इतका गार की उघड्या हाताला चिकटायचा. मी भोकं पडलेले लोकरीचे हातमोजे घालायची, बोटांची टोकं बाहेर. कार्ब्युरेटर निघाला, सायलेन्सर निघाला, हेडचे नट निघाले. इंग्लिश वर्तमानपत्रावर मी एकेक मांडत गेले, ज्या ओळीने निघालं त्या ओळीने. रूथमावशी कॉफी आणि अ‍ॅपल बटर लावलेला पाव घेऊन यायची आणि पालथ्या बादलीवर बसायची. तिला त्यातलं काही कळायचं नाही. मलाही अर्धंच कळायचं. बाकीचं अर्धं रविवारी कळायचं.

सिलिंडर वर उचलला तेव्हा आत पिस्टन दिसला. एका अंगाला उभे ओरखडे, नख मारल्यासारखे. तेलाची नळी कुठेतरी तडकली होती आणि पिस्टन कोरडाच फिरत राहिला होता.

"इथे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत नाहीत का?" बाबांचा आवाज चढला.

"वेगळी टाकी आहे बाबा. पंप आपोआप सोडतो."

"आपोआप! हाताने घातलेलं तेल तेवढं आपलं. तू मिसळूनच घाल. आणि ऐक, पिस्टनची क्लिप काढताना खाली क्रँकच्या तोंडात फडकं कोंब. क्लिप उडून आत गेली तर रडत बसशील."

"हो बाबा."

"सुती फडकं. नायलॉनचं नको."

मी आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा कोंबला. तो मी पुण्याहून डबे गुंडाळायला आणला होता. नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगं गावाबाहेरच्या, लहान इंजिनांच्या दुकानातून मागवली. रूथमावशी मला तिच्या पिकअपमधून घेऊन गेली. सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम मी तेलात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासून काढलं. बाबांनी सांगितलं होतं तसा तिरका हात, आधी असा, मग तसा, फुली मारल्यासारखा. आतली भिंत हळूहळू राखाडी रेशमासारखी झाली. हाताचा वास बेसनाने जाईना, लिंबानेही जाईना. गुरुवारी सुधीर आत आला आणि दारातच थांबला.

"घरात पेट्रोल पंपाचा वास येतोय यार."

"पेट्रोल पंपाचा नाही," मी म्हटलं. "माझ्या माहेरचा आहे."

तो हसला, बॅग ठेवली, लॅपटॉप उघडला. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता.

जोडताना एक गोष्ट मी माझ्या मनाने केली. सिलिंडरच्या खाली कागदी पॅकिंग लागतं. ते मागवायचं राहिलं होतं, म्हणजे माझ्या यादीत चक्क राहिलं होतं, आणि मला दुकानापर्यंत पुन्हा जायचं नव्हतं. बाबा स्कूटरची पॅकिंगं घरीच कापायचे. लग्नपत्रिका घ्यायची, जाड, गुळगुळीत. भागावर ठेवून कडेने हातोडीने हलकेच ठोकत जायचं, कडा आपोआप कापली जाते. आमच्याकडे पत्रिका कधी वाया गेली नाही. माझ्या बॅगेत मामेभावाची, मिलिंदची, पत्रिका होती, सोनेरी गणपतीची. मी ती ठोकून कापली, तेल लावलं, बसवली. गणपती बरोबर दोन बोल्टांच्या मधे आला.

सगळं जोडून झालं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, आणि पंपाची नळीही नवी लावली होती, म्हणजे तेल दोन्हीकडून. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खांदा भरून आला. बाबांची शेवटची युक्ती आठवली: स्कूटर सुरू होत नसेल तर एका अंगाला तिरकी करायची, मग किक.

"मावशी, तिकडून धरा. तिरकी करू या."

"का?"

"आमच्याकडे करतात."

आम्ही दोघींनी ती म्हशीएवढी गाडी एका स्कीवर कलती केली, क्षणभर धरली, आणि सोडली. धप्प. मावशी धापा टाकत म्हणाली, "तुमच्याकडची माणसं फार ताकदवान असली पाहिजेत." मी दोरी ओढली.

सुरू झाली. झाली ती थांबेना. सोडलेला थ्रॉटल, पण आवाज चढतच गेला, किंचाळायला लागली. मी लाल बटण दाबलं. एकदम शांतता, आणि शेडमधून पांढऱ्या अंगणावर निळा धूर पसरत गेला. बर्फावर तो वर चढत नव्हता. जमिनीलगत सरकत, कुंपणाच्या काड्यांमधे अडकून राहिला. जास्वंदीत राहायचा तसा.

"कार्लच्या वेळी तिला एवढी घाई नसायची," रूथमावशी म्हणाली.

रविवारी खुर्ची ओढली गेली. मी सांगत होते आणि बाबा हूं हूं करत होते.

"रेस खाली येत नाही म्हणजे हवा खातंय. बुडाचं पॅकिंग कशाचं लावलंस?"

मी कॉलिंग कार्डाच्या कोपऱ्याने नखातलं तेल काढायला लागले.

"कशाचं?"

"लग्नपत्रिकेचं."

"अगं, ते मी कार्ब्युरेटरला लावायचो! सिलिंडरखाली नसतं लावायचं." मग थांबून, "कुणाच्या लग्नाची?"

"मिलिंदच्या."

"तरीच," बाबा म्हणाले. "ते मुळात वर्षभर टिकलं नाही. तुझ्या सिलिंडरखाली काय टिकणार?"

आणि ते हसले. बाबा फोनवर हसलेले मी पहिल्यांदाच ऐकले. मागून आईचा आवाज आला, "काय झालं हो एवढं?" आणि बाबा म्हणाले, "तुला नाही कळायचं, इंजिनचं आहे."

मार्चमध्ये पागोळ्या गळायला लागल्या. डेल ट्रेलर जोडून आला. रूथमावशीने त्याला काही सांगितलं नव्हतं. ती कार्लचा कोट घालून गाडीवर बसली, दोरी मी ओढली, आणि नव्या, दुकानातून आणलेल्या पॅकिंगवर इंजिन टकटक टकटक करत शांत उभं राहिलं. मावशीने उरल्यासुरल्या बर्फावरून अंगणाला एक फेरी मारली, ताठ बसून, मिरवणुकीत बसल्यासारखी. डेलने टोपी काढली आणि परत घातली. ट्रेलर रिकामाच गेला.

मी आनंदात होते आणि शनिवारी रात्री माझ्या लक्षात आलं की उद्याच्या यादीत काही नाही. गाडी चालू झाली होती. आता बाबांना काय विचारायचं?

"झाली ना चालू," बाबा म्हणाले. "चांगलं झालं." ते उभे होते, आवाजावरून कळत होतं. "बरं मग..."

मी वाट बघत होते. आईला देतो, एवढे दोनच शब्द बाकी होते.

"जरा फोन तिच्याजवळ धर बघू," बाबा म्हणाले.

आमचा कॉर्डलेस फोन शेडपर्यंत जेमतेम पोचायचा. मी स्लिपर घालून बर्फाच्या चिखलातून धावले, इंजिन सुरू केलं, फोन धरला. बराच वेळ धरला. मग कानाला लावला.

"डावा सिलिंडर किंचित मागे आहे," बाबा म्हणाले. "प्लग काढून बघ आणि पुढच्या रविवारी सांग."

इंजिन घड्याळासारखं चालत होतं. कॉलिंग कार्डाच्या त्या खरखरीत, समुद्रापलीकडून, डावा सिलिंडर आणि उजवा सिलिंडर कुणाला वेगळा ऐकू येतो? मी प्लग काढला. टोकाला सुंदर तपकिरी रंग होता, मुरलेल्या चहाचा. असा प्लग म्हणजे इंजिन अगदी ठीक, हे मला बाबांनीच अंगणात शिकवलं होतं.

पुढच्या रविवारी मी म्हणाले, "थोडा काळा आहे, बाबा."

"वाटलंच मला," बाबा म्हणाले. खुर्ची ओढली गेली.

असे पाच हिवाळे गेले. शरदात एअरबॉक्समध्ये उंदरांनी घरटं केलं ते काढलं. थंडी सुरू झाली की कार्ब्युरेटरचे जेट साफ केले, वसंतात टाकी रिकामी करून सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा दिला. मधल्या रविवारी कधी प्लग काळा, कधी ओला, कधी आयडलिंगला थरथर. त्या गाडीइतकी तब्येतीची तक्रार जगात कुठल्या इंजिनाने केली नसेल. रूथमावशीला ती कधी बिघडलेली दिसली नाही, पण मी शेडकडे निघाले की ती बादली पालथी घालायची. बोलता बोलता बाबांनी इतरही सांगितलं. नोकरीत पहिली बदली झाली तेव्हा स्कूटरवरून घाट कसा चढला, आईला पहिल्यांदा मागे बसवलं तेव्हा ती किती घट्ट धरून बसली होती. हे सगळं क्लच आणि चोक यांच्या मधेमधे. सरळ विचारलं असतं तर आईला देतो म्हणाले असते.

मग सुधीरची प्लेनोला कायमची नोकरी लागली. रूथमावशीने जाताना मला ओरखड्यांचा तो जुना पिस्टन दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. तिने तो कार्लच्या कपाटात जपून ठेवला होता, मला माहीतच नव्हतं. "भाचीला," ती म्हणाली. नाताळात दोनदा तिचं कार्ड आलं. तिसऱ्या वर्षी डेलच्या अक्षरात आलं.

प्लेनोचा पहिला रविवार. नवं घर, खोकी, खिडक्यांना पडदे नाहीत, एसीची घरघर.

"तिथे बर्फ नसेल," बाबा म्हणाले.

"नाही बाबा. ऊनच ऊन."

"हां." बाबा थांबले. त्यांचा श्वास मोठा झाला होता त्या वर्षी. "गाडी तिकडेच राहिली म्हण."

"तिकडेच."

"बरं. मग... आईला देतो."

"बाबा, थांबा," मी म्हटलं. समोर काचेतून बिल्डरने लावलेलं, काठीला बांधलेलं ते एवढंसं झाड दिसत होतं. "इथे पानं फार पडतात. मी ब्लोअर घेतलाय."

"म्हणजे?"

"पानं उडवायचं मशीन. हातात धरायचं." मी श्वास घेतला. "टू-स्ट्रोक आहे."

मग फरशीवरून खुर्चीची खरखर.

"पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं की वेगळी टाकी?" बाबांनी विचारलं.

"मिसळायचं."

"हे बरंय," बाबा म्हणाले.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी पार्किंगमध्ये जाऊन उभी होते.

गेल्या वर्षी बाबा गेले. फोन आता आई उचलते, आणि कॉलिंग कार्ड लागत नाही, हवं तितकं बोलता येतं. बोळातली खुर्ची कुणीतरी आत नेली आहे, मी विचारलं नाही कुणी.

आज रविवार. पेट्रोल घेतलं, ऑइल मोजून ओतलं, डबा हलवला. ब्लोअर सुरू केला, ओकाखाली दोन मिनिटं फिरवला. उडवण्यासारखं फारसं नव्हतंच. गॅरेजमध्ये आणून गार होऊ दिला. बाकावर पेपर पसरला, पाना लावला, प्लग काढला आणि उजेडात धरला. चहाच्या रंगाचा. अगदी तसाच.

"थोडा काळा आहे, बाबा," मी म्हणाले, आणि तो ब्रशने घासायला घेतला.